टायटल क्लिअर, पण कोणासाठी?



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला "बँकेतले अनुभव" या विषयावर लिहा असे सांगितले होते. बँकेतल्या गमतीजमती पुष्कळ आहेत, त्या कट्ट्यावर सांगत असतोच. पण गेल्या सर्वसाधारण सभेत एक वाक्य कानावर पडले आणि विषय बदलला. सोसायटीच्या रस्त्याकडच्या मोकळ्या जागेवर दुकानांचे गाळे काढण्याचा एका विकासकाचा प्रस्ताव आला आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यावर चर्चा चालू असताना एक सभासद म्हणाले, "अहो, आपल्यापैकी चाळीस जणांनी याच जमिनीवर बँकेचं कर्ज काढलंय. बँकेच्या वकिलानं टायटल पास केलंय. आता आणखी वकील कशाला?" सभेत बऱ्याच माना डोलल्या.

मी चौतीस वर्षे बँकेत होतो. नांदेड, भोकर, उदगीर, लातूर, पुन्हा नांदेड असे फिरलो. वकिलांचे सर्च रिपोर्ट किती वाचले याचा हिशेब नाही. म्हणून सांगतो, बँकेच्या वकिलाने टायटल पास केले म्हणजे ते बँकेसाठी पास केले. तुमच्यासाठी नाही. हा फरक कसा पडला, आपल्या मराठवाड्यात तो जास्त का बोचतो आणि कोर्टांनी त्यावर वेळोवेळी काय म्हटले, एवढाच या लेखाचा विषय.

सुरुवात आपल्या गावापासून करू. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराच्या मंदिराला येणारी जुनी माणसे आजही वाढोण्याचा परमेश्वर असेच म्हणतात. हिमायतनगर हे नाव निजामी अमलातले. तालुका वेगळा झाला तो अलीकडे. त्याआधी आपण हदगाव तालुक्यात. त्यामुळे जुना कागद शोधायचा तर हदगावची वाट धरावी लागते, आणि त्याहून जुना असेल तर नांदेडची, कधी थेट हैदराबादची. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो, पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. मग द्विभाषिक मुंबई राज्य, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. बारा वर्षांत तीन राज्यांचे शिक्के. माणसांना कोणी विचारले नाही, पण जमिनीच्या कागदांवर प्रत्येक राज्याने आपले काहीतरी लिहून ठेवले.

त्या काळी वकील हा कोर्टातला माणूस. जमिनीच्या व्यवहाराशी त्याचा संबंध भांडण झाल्यावरच यायचा. खरेदीखत लिहायचे ते अर्जनवीस किंवा बाँड रायटरने. माझ्या वडिलांच्या पेटीत असा एक दस्त होता, किंमत हाली रुपयांत आणि शेवटी उर्दूत सही. बाँड रायटरचे काम काय, तर सांगणारा सांगेल ते नीट अक्षरात, योग्य किमतीच्या स्टँपवर लिहायचे. विकणारा खरा मालक आहे की नाही हे त्याने बघावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. चतुःसीमा लिहिल्या, दोन साक्षीदार घेतले, काम संपले. मालकीची खात्री गावकीतून व्हायची. पाटील, पटवारी, शेजारचा बांधकरी यांना विचारले की कळायचे. जोवर घेणारा आणि विकणारा एकाच गावचे होते तोवर हे चालून गेले.

मुंबईची गोष्ट वेगळी होती. तिथे हायकोर्टाच्या मूळ शाखेत इंग्लंडसारखी पद्धत होती: कोर्टात बोलणारा बॅरिस्टर किंवा अ‍ॅडव्होकेट वेगळा, कागद बघणारा सॉलिसिटर म्हणजे अ‍ॅटर्नी वेगळा. घराची खरेदी असो की गिरणीच्या जमिनीची, घेणाऱ्याचा सॉलिसिटर वेगळा आणि देणाऱ्याचा वेगळा. दोघांत पत्रांची देवाणघेवाण व्हायची, शंका लेखी, उत्तरे लेखी. १९७६ च्या कायदादुरुस्तीने अ‍ॅटर्नी हा वेगळा वर्ग संपला आणि सगळे अ‍ॅडव्होकेट झाले. मुंबईत सॉलिसिटर ही पाटी मात्र टिकून आहे. मला त्या पद्धतीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वकील कोणाचा आहे याबद्दल तिथे कधी संशय नसायचा.

आपल्याकडे सॉलिसिटर कधी आलेच नाहीत. त्यांच्या जागी आला तो बँकेचा पॅनेल वकील, आणि तोही बँकेबरोबर आला. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका तालुक्याच्या गावात पोहोचल्या. पीककर्ज, विहीर, मोटार, मग आडत दुकान, जिनिंग, आणि नव्वदच्या दशकापासून घरबांधणी. तारण घ्यायचे म्हणजे जमिनीचे कागद तपासणे आले. प्रत्येक शाखेच्या यादीवर दोन-तीन वकील असत. कर्ज मागणाऱ्याने सातबारा, फेरफार, खरेदीखत आणून द्यायचे. आम्ही झेरॉक्सचा गठ्ठा वकिलांकडे पाठवायचो. ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सर्च फी भरून सूची क्रमांक दोन बघायचे, पावती जोडायचे आणि दोन-तीन पानांचा अहवाल द्यायचे. फी कर्जदाराच्या खात्याला नावे पडायची. फी भरणारा कर्जदार आणि अशील बँक, अशी ही गंमत.

अहवालाचा मथळा वाचा कधी. "प्रति, शाखाधिकारी" असा असतो. शेवटचा परिच्छेद साधारण असा असतो की मला दाखवलेल्या कागदपत्रांच्या आधारे, इतक्या वर्षांच्या नोंदी पाहून, सदर मिळकत बँकेने तारण घेण्यास हरकत नाही. यातला प्रत्येक शब्द मोजून टाकलेला असतो. "दाखवलेल्या" म्हणजे न दाखवलेल्याची जबाबदारी नाही. "इतक्या वर्षांच्या" म्हणजे त्यापलीकडचे बघितले नाही. "बँकेने तारण घेण्यास" म्हणजे तुम्ही विकत घ्यावी की नाही हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. याला कायद्याच्या भाषेत मर्यादित नेमणूक म्हणतात. त्यात लबाडी काही नाही. बँकेने जेवढे मागितले तेवढे वकिलाने दिले.

आता वर्षांचा हिशेब. कर्ज लहान असेल तर १३ वर्षांचा सर्च, मोठे असेल तर ३० वर्षांचा. हे आकडे कुठून आले? गहाणाची रक्कम वसूल करण्याची आणि खाजगी माणसाकडून जमिनीचा ताबा परत मागण्याची मुदत १२ वर्षे, त्यावर एक वर्ष जादा म्हणून १३. सरकारला दावा करायला ३० वर्षे. शिवाय पुराव्याच्या कायद्यातही योग्य ताब्यातून आलेला ३० वर्षांचा जुना दस्त कोर्ट खरा धरून चालू शकते. म्हणून ३०. आकडे चांगले आहेत. मुंबई-पुण्याला बहुधा पुरतही असतील. मराठवाड्यात ते पुरत नाहीत, आणि माझ्या मते हीच आपल्या भागातली खरी गोम आहे.

कारण आपल्या जमिनींची दुखणी ३० वर्षांच्या पलीकडची आहेत. ती बहुतेक १९५० ते १९६५ या काळातली. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला, संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या. पुढे त्याच कायद्याच्या कलम ३८-ई खाली कितीतरी कुळे मालक झाली. पण अशी मालकी मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकण्यावर कलम ५०-बीने बंधन घातले होते. १९५४ च्या कायद्याने इनामे संपली, पण सगळी एकाच तऱ्हेने नाही. मदतमाश वेगळे, देवस्थानाच्या किंवा मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठीचे खिदमतमाश वेगळे. कोणाच्या हाती मुंतखब, कोणाच्या हाती नुसता कब्जा. त्यानंतर १९६१ चा सीलिंग कायदा. त्यात अतिरिक्त ठरून भूमिहीनांना वाटलेल्या जमिनीवरही विक्रीची बंधने. आणि या सगळ्याच्या मुळाशी १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक. मराठवाड्यात जमीन मुळात कोणाची, कूळ कोण, इनाम की खालसा, हे बघायचे तर खासरा बघावाच लागतो. तो कधी उर्दूत, कधी मोडीत, कधी मराठीत. परवा कुणबी नोंदी शोधायला सरकारला मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली, हे आपण पेपरात वाचलेच. जमिनीच्या कागदांचे हे रडगाणे आम्ही बँकवाले त्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत होतो.

यात आणखी एक मेख आहे. कुळाचे प्रमाणपत्र, इनामाचा निर्णय, सीलिंगचा आदेश, वक्फची यादी, यातले काहीही दुय्यम निबंधकांच्या सूची दोनमध्ये सापडत नाही. तिथे फक्त नोंदलेले दस्त दिसतात. बाकीचे तहसीलमध्ये, जिल्हाधिकारी कार्यालयात, छत्रपती संभाजीनगरला वक्फ मंडळात. म्हणजे सूची दोनचा सर्च कितीही प्रामाणिकपणे केला तरी बोजा "निरंक" येऊ शकतो आणि जमीन मात्र वर्ग दोनची निघू शकते.

आणि ३० वर्षांची खिडकी दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. मी नोकरीला लागलो तेव्हा ३० वर्षे मागे गेले की थेट खासऱ्याच्या काळात पाय पडायचा. वकिलाला न मागताही कूळ दिसायचे. आज ३० वर्षे मागे गेले की आपण नव्वदच्या दशकात असतो. तेव्हाच्या सातबाऱ्यावर मधल्या दोन-तीन विक्रींनंतर जुना शेरा कधी लिहायचा राहून गेलेला असतो. दुखणे तिथेच आहे, खिडकी मात्र पुढे गेली.

माझ्या पाहण्यातला एक व्यवहार सांगतो. गाव आणि नावे सांगत नाही. एका तालुक्याच्या गावी एका आडत व्यापाऱ्याने गोदाम आणि लागून असलेली जागा घेतली. बँकेचे कर्ज, वर राहते घर जादा तारण. पॅनेल वकिलांचा अहवाल १३ वर्षांचा, स्वच्छ. सात-आठ वर्षांनी मूळ कुळाच्या नातवाने तहसीलला अर्ज दिला की ही जमीन आजोबांना कूळ म्हणून मिळालेली होती, ती परवानगी न घेता विकली गेली. चौकशीत ते खरे निघाले. व्यापारी वकिलांकडे गेले. वकिलांनी शांतपणे सांगितले, "शेटजी, मी तुमचा वकील नव्हतोच. मी बँकेला तेरा वर्षांचं लिहून दिलं, ते बरोबरच आहे." मग ते बँकेकडे आले. बँकेचे म्हणणे, अहवाल आमच्या अंतर्गत उपयोगासाठी आहे, तुम्ही तुमची चौकशी करायला हवी होती. बँकेचे काही बुडाले नाही, कारण राहते घर तारण होतेच. हप्ते चालू राहिले. गोदामाचा वाद मी निवृत्त होईपर्यंत मिटलेला नव्हता. बघा, यात कोणीही खोटे बोलले नाही. प्रत्येकाने आपल्या चौकटीतले काम केले आणि चौकटीबाहेर फक्त घेणारा उभा होता.

हा प्रश्न काही आपल्याच देशाचा नाही. इंग्लंडमधला एक खटला मला फार आवडतो, कारण तो शेतकऱ्याच्या घरचा आहे. आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज पडणार नाही. १९६१ मध्ये एका शेतकऱ्याने आपल्या मुलाला लिहून दिले की दहा वर्षांत केव्हाही तू हे ३०० एकरांचे शेत एकरी ७५ पौंडाने घेऊ शकतोस. कागद सॉलिसिटरने केला. पण तिथल्या कायद्याप्रमाणे असा हक्क सरकारी नोंदवहीत नोंदवावा लागतो, तो नोंदवायचा राहिला. १९६७ मध्ये बापाचे मन फिरले. त्याने ते शेत, किंमत सुमारे ४० हजार पौंड, स्वतःच्या बायकोला ५०० पौंडात विकून टाकले. कोर्टाने शेवटी ती विक्री कायदेशीर ठरवली. नोंद नाही म्हणजे हक्क नाही. मात्र सॉलिसिटरच्या फर्मला निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरले. नोंद करणे हा त्यांच्या कामाचा भाग होता आणि शेत विकले जाईपर्यंत ती करण्याची जबाबदारी संपलेली नव्हती, असे न्यायाधीशांनी म्हटले. पण त्याच निकालात त्यांनी दुसरीही बाजू सांगून ठेवली: वकिलाला जेवढे काम सांगितले आणि त्याने जेवढे पत्करले त्यापलीकडची सर्वसाधारण जबाबदारी कोर्टाने त्याच्यावर लादू नये. मर्यादित नेमणुकीचा पाया तो हाच.

१९९७ मध्ये तिथलाच आणखी एक निकाल आला, आणि तो व्यापारी मिळकतीचा होता. सॉलिसिटर म्हणाला, कराचे मी बघणार नाही असे आमचे ठरले होते. कोर्टाने विचारले, अशिलाला त्याचा अर्थ नीट समजावून सांगितला होता का, आणि ते समजून त्याने मान्य केले होते का? तसे दिसले नाही. वकील हरला. चौकट घालता येते, पण ती अशिलाला उघड सांगून, शक्यतो लिहून घालावी लागते. मला हा विचार फार रास्त वाटतो. आपल्याकडे चौकट असते, पण सांगितली जाते बँकेला. ज्याचे घर त्याला नाही.

आता भारताकडे येऊ. वकिलावर निष्काळजीपणाचा दावा करता येतो का? येतो. १९२६ च्या वकील फी कायद्याचे कलम ५ स्पष्ट आहे की केवळ वकील आहे म्हणून कोणी निष्काळजीपणाच्या नुकसानीतून सुटत नाही. पण दावा करायचा अशिलाने, दिवाणी कोर्टात आणि मुदतीत. मुदत साधारण तीन वर्षे. जमिनीचे दुखणे पंधरा वर्षांनी बाहेर येते, तेव्हा मुदतीवरूनच अर्धे भांडण होते. दुसरा मार्ग बार कौन्सिलकडे तक्रारीचा. १९८३ मध्ये पुण्याच्या दोन वकिलांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने रेघ ओढून दिली की चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला या दोन गोष्टी वेगळ्या. नुसती चूक किंवा नुसता हलगर्जीपणा, त्यात नैतिक दोष नसेल तर, व्यावसायिक गैरवर्तन होत नाही.

त्यानंतरचा निकाल खास आपल्या विषयाचा. गंमत अशी की तो हैदराबादच्या नारायणगुड्याचा, आणि नारायणगुड्याला लागून जी पेठ आहे तिचे नाव हिमायतनगर. आमचे नातेवाईक हैदराबादला गेले की अजून घोळ होतो, कोणते हिमायतनगर म्हणून. असो. तिथल्या विजया बँकेच्या शाखेने २२ जणांना १ कोटी २७ लाखांची गृहकर्जे दिली. त्यात फसवणूक झाली असा सीबीआयचा आरोप होता. त्यांतल्या १० कर्जांना टायटलचा अभिप्राय देणाऱ्या पॅनेल वकिलांनाही आरोपी केले गेले. हायकोर्टाने त्यांच्यावरचा खटला रद्द केला. सीबीआय सुप्रीम कोर्टात गेली आणि २१ सप्टेंबर २०१२ ला तिथेही हरली. सीबीआय विरुद्ध के. नारायण राव असे त्या निकालाचे नाव. कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे की अभिप्राय चुकला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही, कटात तो सामील होता असा पुरावा लागतो. घोर निष्काळजीपणा असेल तर नुकसानभरपाई किंवा बार कौन्सिल हे मार्ग आहेत.

या निकालावर आमच्या बँकेतल्या मंडळींत बरीच कुरकुर झाली होती. मला मात्र तो पटतो. दुसऱ्याने बनावट कागद आणून दिले आणि त्यावर वकिलाने प्रामाणिकपणे मत दिले, तर त्याला तुरुंगात कसे घालायचे? तसे झाले तर कोणी अभिप्राय लिहिणारच नाही, किंवा दहा पाने अटी घालून अर्धे पान मत देईल. आणि वकिलांची फी तरी काय होती! माझ्या सुरुवातीच्या काळात एका अहवालाला काही शे रुपये मिळत. त्यात हदगावची चक्कर, सर्च फी, कारकुनाचा चहा. त्या पैशात खासरा काढून उर्दू वाचून घे म्हणणे म्हणजे घोड्याच्या पैशात हत्ती मागणे.

शेवटचा निकाल अगदी परवाचा. डॉक्टरांना ग्राहक कायदा लागतो हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच ठरवले होते. वकिलांना लागतो का? २००७ मध्ये राष्ट्रीय आयोग म्हणाला, लागतो. १४ मे २०२४ ला सुप्रीम कोर्ट म्हणाले, नाही. वकील अशिलाच्या सूचनेप्रमाणे, त्याच्या नियंत्रणात काम करतो, हा व्यवसायच निराळा आहे, म्हणून ती ग्राहक कायद्यातली सेवा नव्हे. ग्राहक मंचाचे स्वस्त दार त्यामुळे बंद झाले. दिवाणी कोर्ट उघडे आहे. पण त्या दारातून आत जायला आधी अशील असावे लागते, आणि बँकेच्या पॅनेल वकिलाच्या दृष्टीने तुम्ही-आम्ही अशील नाही.

काही सभासद म्हणतील, विकासकाने वकिलाचे टायटल सर्टिफिकेट दिले आहे की! दिले आहे, मी पाहिले. १९६३ च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यापासून तशी सक्तीच आहे: जमिनीच्या मालकीबद्दल अ‍ॅटर्नीचा किंवा किमान तीन वर्षे वकिली केलेल्या अ‍ॅडव्होकेटचा दाखला प्रवर्तकाने घेणाऱ्याला दाखवायचा. चांगला नियम आहे. पण तो दाखला देणाऱ्या वकिलाला नेमतो कोण? प्रवर्तक. फी देतो कोण? प्रवर्तक. २०१७ पासून पूर्ण लागू झालेल्या रेराने यात थोडा जोर आणला. जमिनीच्या मालकीत दोष निघून घेणाऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई प्रवर्तकाने द्यायची, आणि या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही. पण हे गाळे घेणाऱ्यांसाठी. आपण तर जमीन देणारे आहोत. उद्या दोष निघाला तर बोट आपल्याकडे दाखवले जाणार, कारण करारात "जमीन निर्वेध व बोजारहित आहे" असे लिहून सही आपले अध्यक्ष-सचिव करणार आहेत.

म्हणून आपल्याच दप्तराकडे येतो. सोसायटीची जमीन तीन गटांतून, तीन खरेदीखतांनी आली. पहिल्या कार्यकारिणीत एक निवृत्त मंडळ अधिकारी होते, आता ते आपल्यात नाहीत. त्या माणसाने कोणी सांगितले नसताना दोन गटांच्या खासरा पाहणीच्या नकला काढून, उर्दू नोंदी ओळखीच्या मौलवीसाहेबांकडून वाचून घेऊन, मराठीत पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवल्या आहेत. ते दोन्ही गट खालसा, कूळ नाही. तिसऱ्या गटाची नक्कल फाईलमध्ये नाही. त्या वेळचा सर्च ३० वर्षांचा, म्हणजे साधारण १९६९ पर्यंत जातो. त्याच्या आधीचे कोणी पाहिले नाही. गाळे काढायचे ठरले आहे ती रस्त्याकडची जागा या तिसऱ्या गटात येते.

मी कोणाला घाबरवत नाही. तिसरा गटही तितकाच स्वच्छ असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि काही निघालेच तर परवानगी किंवा नजराणा भरून नियमित करून घेण्याची सोय काही प्रकारांत कायद्यात आहे. मदतमाश जमिनींबद्दल तर सरकार अगदी अलीकडेपर्यंत कायदा दुरुस्त करत आले आहे. पण हे करारावर सही होण्याआधी कळले तर आपल्या सवडीने करता येते. सहीनंतर कळले तर विकासकाच्या नोटिशीखाली करावे लागते.

कार्यकारिणीला मी जे पत्र दिले आहे त्यात मागणी एवढीच आहे. सोसायटीने स्वतःचा वकील नेमावा. बँकेच्या पॅनेलवरचा चालेल, पण या कामापुरती त्याची अशील सोसायटी असावी आणि तसे नेमणूक-पत्रात लिहावे. विकासकाशी संबंध असेल तर त्याने आधी सांगावे. काम काय, तेही पत्रात लिहावे: १९५४-५५ च्या खासऱ्यापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार; तहसीलमधून कूळ, इनाम, सीलिंगची माहिती; वक्फ आणि देवस्थानाच्या यादीत गट नंबर आहे का; सूची दोन; आणि अकृषिक परवानगीचा मूळ आदेश. यातले जे तो बघणार नसेल ते "बघणार नाही" असे त्याने लिहून द्यावे, म्हणजे ते दुसऱ्याकडून करून घेता येईल. फी वाजवी द्यावी. सभासदांनी प्रत्येकी काढायची रक्कम मी हिशेब करून जोडली आहे. ती एका लग्नाच्या आहेराएवढीही नाही.

तिसऱ्या गटाच्या खासऱ्याच्या नकलेसाठी मी माझ्या नावाने अर्ज दिला आहे, पोच माझ्याकडे आहे. हा लेख छापायला जाईपर्यंत नक्कल हाती आलेली नाही. कारकून म्हणाले, तो गठ्ठा शोधावा लागेल, पुढच्या सोमवारी या. नक्कल मिळाली आणि ती उर्दूत असली, तर वाचणारे कोणी आपल्या सोसायटीत किंवा ओळखीत असल्यास सचिवांना कळवावे.